चिलखती किड्याचं तोंड

तो प्राणी समुद्राच्या तळाशी उभा राहत होता की आडवा सरपटत होता, हे आमच्या सरांना नक्की ठाऊक नव्हतं. त्याचं तोंड कुठल्या टोकाला होतं, हे तर जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि असल्या प्राण्यावर माझं पुढचं शिक्षण येऊन अडलं होतं. ऐंशी ओलांडल्यावर हे लिहायला बसले तरी मला त्याचा राग येतो, आणि राग नेमका कुणाचा ते सांगता येत नाही.

चव्वेचाळीस साल होतं. लढाई चालूच होती. मी सांगलीच्या कॉलेजात इंटर सायन्सला होते आणि मामांकडे राहत होते. मामा संस्थानच्या कचेरीत कारकून. आमचं घर कऱ्हाडच्या पलीकडे एका खेड्यात. वडील, म्हणजे आबा, पलटणीतून पेन्शनीत आलेले, घरचा थोडा ऊस, बाकी जिरायत. आई मी चार वर्षांची असताना गेली. मला एकच भाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. तोही आबांच्या मागोमाग पलटणीत गेला आणि त्या वेळी इटलीत लढत होता. मामीला मूलबाळ नव्हतं. आम्हा दोघा भावंडांना लहानपणी प्रत्येक सुट्टीत तिनंच न्हाऊमाखू घातलं होतं, त्यामुळे आम्ही तिचीच होतो म्हटलं तरी चालेल.

आबांनी मला शिकू दिलं, पण एका अटीवर. मामाच्या घरून शिकायचं. पुण्याला होस्टेलात राहायचं नाव काढायचं नाही. आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र इंटरपर्यंतच होतं. पुढच्या जूनपासून बी.एस्सी.चा वर्ग उघडायचा तर विद्यापीठाची समिती येऊन सगळं पाहून जाणार आणि मग परवानगी देणार होती. परवानगी मिळाली नाही तर वर्गातले पाच मुलगे वळकट्या उचलून पुण्याला जाणार, आणि मी घरी. इस्लामपूरचं एक स्थळ आबांनी हेरून ठेवलं होतं. मुलगा चांगला होता असं सगळे म्हणत. माझं त्याच्याशी काही भांडण नव्हतं. मला फक्त बी.एस्सी. व्हायचं होतं.

समितीला दाखवायला आमच्याकडे होतं काय? संग्रहालय म्हणून एक कपाट होतं. त्यात बाटलीतला एक साप, बाटलीतलं एक बकरीचं पिल्लू, रंग उडालेले तीन मासे, आणि कापसावर ठेवलेला एक दगड. हा दगड म्हणजे सरांचा जीव की प्राण. आपल्याकडे सह्याद्रीत कितीही उकरा, सगळा लाव्ह्याचा काळा पाषाण. त्यात जुने सागरी जीव सापडायचे नाहीत. हा दगड सरांना मुंबईच्या त्यांच्या गुरूंनी दिला होता, आणि तो विलायतेतून आलेला होता.

दगड बोटाएवढा, करड्या रंगाचा. त्याच्यावर चिमुकल्या चकत्यांच्या ओळी उठलेल्या, भोपळ्याच्या बिया एकीवर एक चढवून ठेवाव्यात तशा. सर म्हणायचे, हे मॅकेरिडिया. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात होते, मग कधीतरी सगळेच्या सगळे संपले. अंग मऊ असणार, ते विरघळून गेलं. उरलं ते वरचं चिलखत. आणि नुसत्या चिलखतावरून आतला प्राणी ओळखायचा, म्हणजे दोरीवर वाळत घातलेला सदरा पाहून माणसाचं गाव सांगण्यासारखं होतं.

सरांकडच्या एका जुन्या पुस्तकात लिहिलं होतं की हे जहाजाच्या बुडाला आणि खडकाला चिकटून बसणाऱ्या कवचवाल्या जीवांचे भाऊबंद. म्हणजे ते उभे. दुसऱ्या पुस्तकात लिहिलं होतं की नाही, हे तारामाशाच्या गोतावळ्यातले. म्हणजे ते उभे की आडवे ते त्या पुस्तकवाल्यालाच ठाऊक. सरांचं स्वतःचं म्हणणं असं की हा एक किडा आहे, गांडुळाच्या जातकुळीतला, फक्त पाठीवर चिलखत घातलेला. पण तेही सोमवारी. गुरुवारपर्यंत त्यांना पुन्हा तो उभा दिसू लागायचा. मी वहीत आडवा काढायची, ते म्हणायचे उभा करा. मी उभा करायची, ते बराच वेळ बघत बसायचे आणि म्हणायचे, "हा पडेल हो." चार वेळा खोडून माझ्या वहीचा कागद भोकाला आला होता, आणि लढाईच्या दिवसांत कागद काही झाडाला लागत नव्हता.

परवा नातीनं तिच्या फोनवर मला दाखवलं. मोरोक्कोत म्हणे असा एक दगड सापडला की त्यात मऊ अंगसुद्धा उमटलं आहे, बाजूंना केसाळ पायांच्या जोड्या आहेत. तेव्हा तो किडाच. सरांचा सोमवार बरोबर होता. हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता, पण मला सर आठवले आणि नुसतंच चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

तर सरांनी ठरवलं की समितीपुढे या प्राण्याची तीन फुटी प्रतिकृती ठेवायची. बाहेरून नमुने मागवायची सोय लढाईमुळे बंद होती. असला नमुना साऱ्या इलाख्यात कुठल्या कॉलेजात नसेल, समिती थक्क होईल, असं सरांना वाटत होतं. आणि मला तर समिती थक्क झालेली हवीच होती. मामांचं घर कुंभारवाड्याला लागून, म्हणून काम माझ्याकडे आलं.

श्रावण लागायला थोडे दिवस होते. कुंभारवाड्यात पंचमीचे मातीचे नाग करायची गडबड चालली होती. ओट्यावर, फळीवर, सुपात, जिकडे तिकडे फणेच फणे. त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या कुंभारबाबांपुढे मी चित्र ठेवलं. त्यांनी ते सरळ धरलं, उलटं धरलं, आडवं धरलं.

"ह्येचं तोंड कुठल्या अंगाला?"

"माहीत नाही, बाबा."

"मग ह्यो चालतोय कसा?"

"तेही माहीत नाही. कदाचित चालत नसेल. उभाच राहत असेल."

"कवा मेला ह्यो?"

"कोट्यवधी वर्षं झाली."

बाबांनी हातातला नाग खाली ठेवला. "मग आता कशापायी घाई करतीस, पोरी?"

मी चिडले, पण त्यांना समितीचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी चित्र ठेवून घेतलं. दोन दिवसांनी गेले तर त्यांनी चकत्या थापून चुलीत भाजूनही ठेवल्या होत्या, साठ-सत्तर, हाताच्या पंजाएवढ्या. पावसाळ्यात कुंभाराची भट्टी लागत नाही, तेव्हा एवढाच भाग भाजता येणार होता; अंग कच्च्या मातीचंच राहणार होतं. ते म्हणाले, "ही कवलं हाईत, बग. कवलं वळचणीकडनं लावत्यात, खालनं वर. वरचं कवल खालच्यावर चढतंय, तवा पानी निसटून जातंय. ह्यो पान्यातला जीव हाय न्हवं? म्होरं जाताना पानी आंगावरनं मागं सरकाय पायजे, न्हाईतर कवलाखाली शिरंल. जिकडं पानी जातंय तिकडं शेपूट. उरलं त्ये तोंड."

आणि ते शेपटाकडून सुरू करून वर वर जाऊ लागले, घर शाकारल्यासारखे.

मी धावत कॉलेजात गेले आणि सरांना हे सांगितलं. सरांनी चष्मा पुसला. "हे पुस्तकात नाही," ते म्हणाले. मग तो डोळ्यांवर चढवून म्हणाले, "पण खरं असायला हरकत नाही." दुसऱ्या दिवशी मला बोलावून विचारलं, की तो प्राणी मागे मागे जाणारा असला तर? मी हात टेकले. पण एकदा डोकं कुठलं हे ठरल्यावर सरांना डोकं हवंच झालं. गोल डोकं, पुढे चार मिशा. ते कुठल्याच दगडात नव्हतं. ते सरांच्या मनात होतं. मला ते पटत नव्हतं. पण मी एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी, आणि परवानगी मला हवी होती. मी गप्प बसले.

डोळे मात्र सरांच्याही मनात नव्हते. ते कुंभारबाबांनी काढले. मी विचारलं तर म्हणाले, "आमच्या हातातनं आजवर डोळ्याबिगर काय भाईर गेलं न्हाई. आंधळं कसं जाऊ दिऊ?" दोन पांढरे ठिपके, आत काळं. फण्याला काढतात तेच डोळे.

आता वाळवायचं कुठे? कॉलेजची खोली गळत होती, कुंभाराच्या ओसरीत ओल. कोरडी जागा एकच, मामीच्या चुलीशेजारचा कोनाडा. मामांनी आणि मी फळीसकट तो प्राणी उचलून आणला. मामी पदर तोंडाला लावून बघत राहिली.

"ह्यो तुजा अभ्यास?"

"हो."

"माझ्याकडं बगतोय."

पहिले दोन दिवस तिनं त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं. मग रोज भाकरी थापताना त्याच्याशी बोलायला लागली. "हल की बाबा, धूर लागतोय," असं म्हणून फळी सरकवायची. मला हसू यायचं.

दादाचं पत्र दोन महिने आलं नव्हतं. घरात कुणी त्याबद्दल बोलत नसे. मामा रोज पोस्टाकडून घरी यायचे, आणि त्यांच्या चपलांच्या आवाजावरून मामीला कळायचं की पत्र नाही. समितीची तारीख कळली आणि ती नेमकी पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मी मनात म्हटलं, बरं झालं, पंचमीची कॉलेजला सुट्टी, शेवटचा हात फिरवता येईल. माझ्या डोक्यात एवढंही आलं नाही की पंचमीला हात फिरवता येत नाही.

आमच्याकडे पंचमीचा दिवस कडक. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, माती उकरायची नाही, तवा चुलीवर चढवायचा नाही; मोडलं तर ते भावाच्या जिवावर येतं म्हणायचे. जेवायला वाफवलेली पुरणाची दिंडं. आदल्या दिवशी बहिणीनं भावाचा उपवास करायचा. मी तो केला. मामीनं मला विचारलंसुद्धा नाही, सकाळी चहाऐवजी हातात केळं ठेवलं. पंचमीला सकाळी आम्ही बायका-पोरी वारुळाला गेलो. मामी तिथून लवकर परतली, मी मैत्रिणींबरोबर रेंगाळले. परत आले तेव्हा दुपार झाली होती.

कोनाड्यात आमचा प्राणी हळदीकुंकवानं माखला होता. पाठीवर ज्वारीच्या लाह्या, कवलांच्या फटीत आघाड्याची पानं. पुढे रिकामी वाटी. दूध सगळं त्याच्या तोंडावरून गेलं होतं आणि कच्च्या मातीचं डोकं भिजून खाली बसलं होतं. मिशा गळून पडलेल्या. पुढच्या तीन जोड्या कवलं सुटून चिखलात रुतलेली, आणि एक डोळा ओघळून हनुवटीपर्यंत आलेला.

मी ओरडले. काय ओरडले ते सगळं आठवत नाही. मामी म्हणाली, "मी दूद घातलं. घरात डोळं उगडून बसल्याला, आन् पंचमीला त्याला तसाच उपाशी ठिवू व्हय? तुजा दादा तिकडं लडाईत हाय."

"मामी, तो नाग नाही, किडा आहे! आणि दादाला गोळी लागायची असेल तर ती पंचमी बघून लागणार नाही!"

हे वाक्य मी बोलायला नको होतं. मामीनं वाटी उचलली आणि परसात जाऊन घासत बसली. एवढीशी वाटी, किती वेळ घासत होती.

मी कुंभारवाड्यात पळाले. बाबा ओट्यावर रिकाम्या हातांनी बसले होते. ते म्हणाले, "आज मातीला हात न्हाई, पोरी. उद्याच्याला ये." उद्या दहा वाजता समिती होती. सरांकडे जावं तर सर मिरजेला, समितीची उतरायची सोय बघायला गेलेले.

पुढचे दोन तास मी काय विचार केला ते मला नीट सांगता येणार नाही, कारण विचार असा झालाच नाही. भिजलेलं डोकं तसंच ठेवलं तर ओल मागे मागे जाऊन उद्यापर्यंत निम्मा प्राणी बसणार होता. ते कापून टाकायला हवं होतं, सरळ, कोरड्या मातीपर्यंत, आणि कवलं पुन्हा बसवायला हवी होती. मला पक्कं ठाऊक होतं की सांगलीत चिखल कापल्यानं इटलीत काही होत नाही. मी शास्त्राची विद्यार्थिनी होते. मग मी तशीच का बसून राहिले होते? मी एकदा हातानं ओढून पाहिलं, तर अंगच फाटायला लागलं. दादाचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला आणि मला तो आठवेना, त्यानं मी आणखी घाबरले.

मामी शेजारणींबरोबर झोक्याला गेली. मामा पुढच्या खोलीत पेंगत होते. मी फळीवरची सुरी घेतली आणि त्या प्राण्याची मान कापली. चिखल कापायला वेळ लागत नाही. डोकं परसात केळीच्या बुंध्याशी टाकलं, वर पालापाचोळा लोटला. कवलं धुऊन नव्या मातीनं बसवली. पुढचं टोक सपाट राहिलं. मला काही नवं डोकं करता येत नव्हतं, आणि करायचंही नव्हतं.

मामी परत आली. तिनं आधी कोनाड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सुरी लावली न्हाईस न्हवं?"

"नाही. हातानंच सारखं केलं."

"बरं," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात दिंडं वाढली. उपवासानंतरचं जेवण होतं, तरी मला एकच गेलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी डोकं नसलेला प्राणी पाहिला. मी सगळं सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात बाहेर टांगा वाजला. तीन गृहस्थ होते, भिजलेले. एकानं नळ किती ते मोजलं; एकही नव्हता, पाणी बादलीनं यायचं. दुसऱ्यानं पुस्तकांची यादी मागितली. तिसऱ्यानं डोक्यावरची ओली टोपी काढून आमच्या प्राण्याच्या पाठीवर ठेवली आणि रुमालानं टक्कल पुसलं. जाताना टोपी उचलली तेव्हा त्याचं लक्ष गेलं.

"हे काय आहे? याचं डोकं कुठंय?"

"ते अजून सापडलेलं नाही," सर म्हणाले. एवढ्या महिन्यांत त्या प्राण्याबद्दल सरांच्या तोंडून आलेलं हे पहिलं ठाम वाक्य होतं.

"बरं," असं म्हणून ते गृहस्थ टांग्यात बसले. ज्याच्यासाठी मी सुरी उचलली, त्याच्याकडे पुरतं अर्धं मिनिटही कुणी पाहिलं नव्हतं. मला हसू येत होतं की रडू, तेही कळेना. मी नुसती उभी राहून त्याच्या पाठीवरचा पाण्याचा डाग पुसत राहिले.

भाद्रपदात गावाकडून निरोप आला. आबांना तार आली होती. दादा जखमी झाला होता, उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता, जीव वाचला होता. मामांनी हे सांगितलं तेव्हा मामी चुलीपुढे होती. तिनं जाळ मागे ओढला आणि तशीच बसून राहिली. त्यानंतरचा आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला वाटलं, दुःखानं.

माझी स्थिती काय सांगू? तारेत तारीख असणार. ती पंचमीच्या आधीची असली तर मी सुटले. नंतरची असली तर... तर काय? तर काहीच नाही, हे मला ठाऊक होतं. पण ती तार आबांच्या ट्रंकेत होती, आणि मी ती आजतागायत पाहिली नाही. आबा गेल्यावर ट्रंक उघडली, कागद वाटून घेतले, तेव्हासुद्धा मी तो गठ्ठा न सोडता दादाच्या मुलाकडे दिला. शास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला. पुरावा समोर असून न बघणाऱ्या विद्यार्थ्यांना मी वर्गाबाहेर काढलेलं आहे.

दसऱ्यानंतर विद्यापीठाचं पत्र आलं. परवानगी नाकारली. पाठोपाठ आबांचं पत्र आलं, की इंटर झाल्यावर परत ये, इस्लामपूरच्या मंडळींना कळवतो. मी पत्र वाचून मामीच्या हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. दिवाळीला मामांना आणि मला घेऊन ती गावी आली, आणि पाडव्याच्या सकाळी ओसरीवर आबांसमोर जाऊन उभी राहिली. एरवी ती आबांच्या समोर यायची नाही, आली तर उंबऱ्याआडून बोलायची.

"आवं दाजी, येक सांगायचं हाय. पंचमीच्या दुसऱ्या दिशी हिच्या कालिजात मोटी माणसं यायची हुती. हिचं सगळं त्यावर हुतं. हिचं मातीचं चित्तर मोडलं, आन् सुरी लावल्याबिगर नीट हुणार नव्हतं. पर पंचमी हुती. पोरीनं सुरी धरली न्हाई. गेलं तर जाऊ दे म्हणाली, दादा तिकडं हाय. तुमच्या ल्योकाचा जीव हिनं राखलाय. आता तुमी हिला पुन्याला धाडा."

आबा पलटणीतला माणूस. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "धाडतो," एवढंच म्हणाले.

मी दाराला धरून उभी होते. बोलायला हवं होतं. पण तोंड उघडलं तर पुणं जाणार होतं. मी गप्प राहिले. पुढच्या जूनमध्ये मिरजेहून पुण्याच्या गाडीत बसले, दोन वर्षांनी बी.एस्सी. झाले आणि साताऱ्यात एका शाळेत शास्त्र शिकवायला लागले. दादा मधल्या काळात घरी आला होता. कुबड्या, मग लाकडी पाय. तो आनंदी गडी, पाय काढून भिंतीला टेकवायचा आणि पोरांना म्हणायचा, "ह्यो इटलीचा, आन् ह्यो गावचा." सगळे हसायचे. मामी दर पंचमीला माझ्याबद्दल तीच गोष्ट आल्यागेल्याला सांगायची, आणि दादा माझ्याकडे असं बघायचा की मला जमीन दुभंगावी असं वाटायचं.

एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात मी सांगलीला सुट्टीवर गेले होते. दादाही आला होता, मिरजेला पायाचा पट्टा दुरुस्त करून घ्यायला. सकाळीच तिकडे गेला होता. मामी आणि मी सोप्यात चिंच फोडत बसलो होतो. मला एकाएकी ते सोसेना झालं.

"मामी, त्या पंचमीला मी सुरी लावली होती."

मामीनं हातातला चिंचोका बाजूला टाकला. "ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"त्याच सांजंला. सुरी धुऊन, पुसून फळीवर ठिवल्याली. दोन वर्सं माझ्या घरात ऱ्हायलीस, कवा सुरी धुतलीस तू?"

"मग आबांना सांगितलंस ते?"

"खोटं सांगितलं."

"का गं?"

तिनं पुढची चिंच हातात घेतली. मग म्हणाली, "तार आली तवा मला वाटलं, हिनंच घालवला पोराचा पाय. आट दिस तुजं त्वांड बगू वाटंना. तू जेवाय बसायचीस आन् मला तुजा हात दिसायचा. म्हटलं, ह्ये मनात असंच मुरत गेलं तर ही पोर माझ्या घरातनं जाईल, आन् मी तिला आडवणार न्हाई. पोराचं तिकडं काय हुयाचं त्ये माझ्या हातात नव्हतं. तुजं हुतं. म्हणून बोलले दाजींस्नी."

"आणि आता? अजून वाटतं तुला, माझ्यामुळे गेला म्हणून?"

मला ती नाही म्हणेल असं वाटलं होतं.

"कवा कवा," मामी म्हणाली. "पंचमी आली की वाटतंय. मग जातंय."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडले. मामीनं चिंचेनं चिकट झालेला हात माझ्या केसांना लागू नये म्हणून थोडा वेळ वर धरला, आणि मग तसाच माझ्या डोक्यावर ठेवला.